चाहूल आणि दिवा

दिवेलागणीला मराठीत शब्द आहे. दिवा मालवण्याच्या वेळेला तसा शब्द नाही, कारण त्याची कधी गरज पडली नाही. तेल विकतचे होते, वात घरी वळलेली होती, आणि दिवा जी लावी तीच निजानीज झाल्यावर तो मालवी. लावणारा हात आणि मालवणारा हात एकच होता. विजेचे दिवे आले तरी घरात हा नियम बराचसा टिकला. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचे राहिले तर मागून हाक येते, आणि ती हाक बहुधा बिल भरणाऱ्याची असते.

ऑफिसात हे नाते तुटते. सकाळी सव्वाआठला सफाईच्या मावशी येतात, जिन्याशेजारच्या बोर्डावरची सगळी बटणे एका तळहाताने दाबतात आणि अख्खा मजला उजळतो. त्यांना झाडायचे असते, त्यांनी लावले ते योग्यच. साडेनऊपासून माणसे येऊ लागतात. त्यांना दिवे लागलेलेच मिळतात, म्हणून हा दिवा आपण लावला असे कोणाला वाटत नाही. आणि जो आपण लावला नाही तो मालवणे आपले काम आहे असेही वाटत नाही. मीटिंग रूममधून दहा जण बोलत बोलत बाहेर पडतात, त्यांत शेवटचा कोण हे त्यांनाच ठाऊक नसते. रात्री वॉचमन फेरी मारतो, पण एखाद्या केबिनमध्ये साहेब अजून बसले असतील या धास्तीने बटणाला हात लावत नाही. बारभाईची शेती म्हणतात ती ही. यात कोणाचा आळस नाही, निष्काळजीपणाही फारसा नाही. दिव्याला मालक नाही, एवढेच.

ब्रिटनमध्ये डी. आर. जी. हंट या संशोधकाने १९७९च्या सुमारास ऑफिसांतल्या आणि वर्गांतल्या दिव्यांच्या वापराचा अभ्यास केला, तेव्हा त्याला हेच दिसले. माणसे खोलीत शिरताना उजेड किती आहे ते पाहून दिवा लावायचा की नाही हे ठरवतात. एकदा लावल्यावर मात्र बाहेर कितीही लख्ख ऊन पडो, खोली पूर्ण रिकामी होईपर्यंत तो सहसा कोणी बंद करत नाही. म्हणजे दिव्याविषयीचा निर्णय दिवसातून एकदाच होतो, आणि तोही चुकूनमाकून पहिल्या आलेल्या माणसाकडून.

या बेवारस दिव्यासाठी शोधलेल्या एका उपायाविषयी हे पुस्तक आहे. फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेली, वरून पांढरी घुमटी असलेली लिंबाएवढी डबी तुम्ही पाहिली असेल. माणूस आला की दिवा लागतो, माणूस गेला की थोड्या वेळाने विझतो. दुकानात तिला ‘मोशन सेन्सर’ म्हणतात, नकाशावर आर्किटेक्ट ‘ऑक्युपन्सी सेन्सर’ लिहितो, वायरमनच्या तोंडी ती नुसती ‘सेन्सर’ असते. ‘उपस्थिती-संवेदक’ असा प्रतिशब्द करता येईल. मी तो मुद्दाम टाळला आहे, कारण हे यंत्र जे देऊ शकत नाही त्याचे वचन तो शब्द देतो. सेन्सरला उपस्थिती कळत नाही. त्याला चाहूल लागते.

अंधारात घरात कोणी शिरले तर आपल्याला चाहूल लागते ती हालचालीने. पाऊल वाजते, पडदा सरकतो. तोच माणूस दाराआड श्वास रोखून उभा राहिला तर चाहूल लागत नाही. माणूस मात्र तिथेच असतो. सेन्सरचे नेमके असेच आहे. इमारतीने त्याला माणूस आहे की नाही हे सांगण्याचे काम दिलेले असते, आणि त्याच्याजवळ असते ती फक्त चाहूल. सेन्सरविषयीच्या जवळजवळ साऱ्या तक्रारी या दोहोंमधल्या फटीतून निघतात. ती फट जिथे ओळखली गेली तिथे सेन्सर वर्षानुवर्षे निमूट काम करताना मी पाहिले आहेत. जिथे ओळखली नाही तिथे ते महिन्याभरात निकामी झालेले पाहिले आहेत, आणि तेही न बिघडता.

एनर्जी ऑडिटच्या कामात पुण्यातल्या एका ऑफिसात गेलो होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. हिशेब विभागाच्या छतात सेन्सर होता. आम्ही खोलीत शिरलो तसा त्याचा बारीक लाल ठिपका चमकला, म्हणजे त्याला चाहूल लागली होती. पण दिवे त्याआधीही लागलेलेच होते आणि आम्ही जेवायला गेलो तेव्हाही लागलेलेच राहिले. वायरमनला विचारले. तो म्हणाला, “साहेब, तो डायरेक्ट केलाय.” म्हणजे वायर सेन्सरमधून न नेता सरळ जोडून टाकली होती. कारण विचारले तर त्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवले. तिथल्या मॅडमनी सगळे सांगितले. दोन वर्षांपूर्वीचा मार्चअखेर होता, रात्री आठ-नऊपर्यंत त्या एकट्या बसून व्हाउचर तपासत होत्या. दर पाच मिनिटांनी खोलीत काळोख व्हायचा. उठायचे, खोलीच्या मध्यापर्यंत यायचे, हात हलवायचा, परत जाऊन आकडा कुठे राहिला ते शोधायचे. “तीन दिवस केलं मी हे,” त्या म्हणाल्या. “चौथ्या दिवशी दादांना म्हटलं, एक तर हे काढा, नाहीतर मला घरून कंदील आणू द्या.”

सेन्सर चांगला होता. नकाशात खोलीच्या बरोबर मध्यावर दाखवला होता आणि तिथेच बसवला होता. मॅडमचे टेबल मात्र उंच कपाटाच्या आडोशाला होते आणि ते कपाट नकाशात नव्हते. शिवाय कागद उलटणाऱ्या हाताची हालचाल ती केवढी! विझण्याआधी थांबायची मुदत पाच मिनिटांवर ठेवलेली होती. ती कोणी ठरवली हे कोणालाच सांगता आले नाही. आम्ही सेन्सर कपाटाच्या अलीकडे, टेबलाच्या माथ्यावर आणला, मुदत वीस मिनिटांवर नेली आणि वायर पुन्हा त्याच्यातून घेतली. सारे मिळून दीड तासाचे काम होते. ते दीड तास बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी दिले असते, तर त्या बाईंचे तीन दिवस आणि त्या खोलीतली दोन वर्षांची वीज वाचली असती.

आता ही चाहूल यंत्राला लागते कशी, हे जरा सविस्तर पाहू. ते समजले की कुठे काय चुकेल हे आपोआप समजते.

सर्वात जास्त चालणारा प्रकार पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. तो स्वतः काहीच सोडत नाही, येणारी ऊब तेवढी पाहतो. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापक ठेवला. पारा चढला. ते हे अवरक्त किरण. माणसाचे अंग ते अखंड देत असते, मुख्यतः ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात. सेन्सरच्या पोटात ज्या पदार्थाचा तुकडा असतो त्याचा गुण असा की त्याचे तापमान बदलले की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार जमतो. हा गुण फार जुना ओळखीचा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून टूर्मलिन, म्हणजे आपले तुरमली, युरोपात नेले. तापवलेला खडा राख ओढून घेतो म्हणून ते त्याने चिलमीतली राख काढत. त्यामागचे कारण हेच.

यातला कळीचा शब्द ‘बदलले की’ हा आहे. ऊब आहे एवढ्याने भागत नाही, ती बदलावी लागते. आणि बदल घडवून आणते ती समोरची घुमटी. ते नुसते झाकण नाही, ती प्लॅस्टिकची फ्रेनेल भिंगे आहेत. ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहांसाठी जाडजूड काचेऐवजी कड्याकड्यांचे पातळ भिंग तयार केले आणि १८२३ मध्ये ते फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात लागले. एका दिव्याचा उजेड समुद्रावर दूर फेकायला केलेले भिंग इथे उलट्या दिशेने राबते. खोलीचे ते फुलाच्या पाकळ्यांसारखे भाग पाडते आणि एकेका पाकळीतली ऊब आतल्या तुकड्यावर आणून सोडते. माणूस एका पाकळीतून दुसरीत गेला की तुकड्यावरची ऊब कमी-जास्त होते, आणि चाहूल लागते. असे तुकडे आत दोन असतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात, त्यामुळे खिडकीतून ऊन आले आणि सगळी खोली सावकाश तापली तर दोन्ही सारखे तापून परिणाम शून्य होतो. ही फार सुंदर योजना आहे. या साऱ्या विषयात मला तिच्याइतके समाधान देणारे दुसरे काही नाही.

एवढे कळले की पुढचे तर्काने येते. पाकळ्या आडव्या ओलांडणारा माणूस चटकन कळतो, सेन्सरच्या रोखाने सरळ चालत येणारा उशिरा कळतो. म्हणून लांब पॅसेजमध्ये टोकाच्या भिंतीवर लावलेला सेन्सर आळशी वाटतो. सेन्सरपासून दूर जावे तशी पाकळी रुंद होत जाते, आणि रुंद पाकळीत बसल्या बसल्या केलेली हालचाल पाकळीच्या आतच राहते. कॅटलॉगमध्ये छापलेले मोठे वर्तुळ बहुधा चालणाऱ्या माणसासाठी असते. खुर्चीत बसून माउस हलवणाऱ्या माणसासाठीचे वर्तुळ त्याहून बरेच लहान असते. विकत घेताना दुसरे वर्तुळ विचारा.

काचेतून पीआयआरला दिसत नाही, कारण या तरंगलांबीला साधी काच भिंतीसारखीच आहे. आजच्या काचेच्या केबिनांत हे फायद्याचे ठरते. बाहेरून जाणाऱ्या-येणाऱ्यांमुळे आतला दिवा लागत नाही. आणखी एक गोष्ट परदेशी माहितीपत्रके फारशी बोलत नाहीत, ती आपल्याला ध्यानात ठेवायला हवी. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. भोवतालच्या भिंती आणि फरशी त्याच तापमानाला आल्या की माणूस पार्श्वभूमीत विरघळतो. एसी असलेल्या ऑफिसात हा प्रश्न येत नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या गोदामात, जिन्यात, उघड्या पार्किंगमध्ये एप्रिल-मे महिन्यांत तो येतो. जानेवारीत तपासून पास केलेला सेन्सर उन्हाळ्यात मंदावला तर त्याला नादुरुस्त ठरवू नका.

दुसरा प्रकार अल्ट्रासॉनिक. हा वटवाघळासारखा आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, साधारण २५ ते ४० किलोहर्ट्‌झचा, आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा सूर बदलला का ते पाहतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीच्या हॉर्नचा सूर बदलतो, तेच हे डॉप्लरचे तत्त्व. आवाज भिंतींवर आपटत पार्टिशनच्या मागेही पोचतो, म्हणून स्वच्छतागृहासाठी हा उत्तम. पण हवेची हालचालही त्याला हालचालच वाटते. एसीच्या झोताजवळ तो फसतो, आणि छताचा पंखा फिरत असेल तर दिवा कधी विझतच नाही. आपल्याकडच्या निम्म्या खोल्यांत पंखा आहे. तिसरा प्रकार मायक्रोवेव्हचा. तो अतिशय तरतरीत, किंचित हालचालही पकडणारा. मात्र प्लायवूड, जिप्सम, काच यांच्या आरपार जातो. पलीकडच्या पॅसेजमधून चहाचा ट्रे गेला तरी अलीकडच्या रिकाम्या खोलीत दिवा लागतो. यावर तोड म्हणून दोन पद्धती एकत्र केलेले सेन्सर मिळतात. दिवा लावायला दोघांचीही साक्ष लागते, चालू ठेवायला एकाची पुरते. वर्गखोल्या आणि मोठ्या मीटिंग रूम यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊन हेच घ्यावेत, असे माझे मत आहे.

हे तंत्र तसे नवे नाही. हालचाल ओळखणारी यंत्रे आधी आली ती चोर पकडायला. १९७३च्या तेलसंकटानंतर वीज वाचवण्याची निकड लागली तेव्हा तीच यंत्रे दिव्यांकडे वळली. पण तेव्हाचे दिवे त्यांना साथ देणारे नव्हते. चोक-स्टार्टरची ट्यूब दर वेळी लागताना थोडी झिजते. तासातून सहादा लावली-विझवली तर वाचलेली वीज नव्या ट्यूबांत जाते. गोदामांत आणि कारखान्यांत पाऱ्याच्या वाफेचे किंवा मेटल हॅलाइडचे दिवे असत. ते एकदा विझले की थंड होऊन पुन्हा पेटायला कित्येक मिनिटे घेतात. माणूस आत येऊन काम उरकून गेला तरी दिवा अजून जांभळट मिणमिणतच असायचा. अशा ठिकाणी सेन्सर लावणे शक्यच नव्हते. एलईडीने ही अडचण संपवली. तो क्षणात लागतो, क्षणात विझतो, कितीही वेळा केले तरी त्याला त्रास नाही, आणि अर्धा-पाव करता येतो. एक इशारा वायरमन मित्रांसाठी. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये सुरू होताना क्षणभर फार मोठा करंट शिरतो. एकाच सेन्सरवर वीस-पंचवीस पॅनल टाकले तर वॅटचा हिशेब बसूनही रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. मग सेन्सर ‘बंद’ म्हणतो आणि दिवे चालूच राहतात. मधे कॉन्टॅक्टर द्या.

एलईडीने अडचण संपवली तशी बचतही घटवली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एक हिशेब करू. मीटिंग रूममध्ये ३६ वॅटचे १२ पॅनल आहेत, म्हणजे ४३२ वॅट. ऑफिसच्या वेळेतले सहा तास खोली रिकामी आणि दिवे चालू. वर्षाचे २५० दिवस धरले तर ६४८ युनिट वाया. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले तर ६,४८० रुपये. याच जागी पूर्वी ४० वॅटच्या दोन-दोन ट्यूबांची १२ फिटिंग असती, तर चोकसकट प्रत्येकी सुमारे १०४ वॅट, आणि वाया गेलेली वीज १,८७२ युनिट. म्हणजे सेन्सरची कमाई जवळजवळ एक-तृतीयांशावर आली. म्हणून जिथे तिथे सेन्सर लावत सुटण्याचा काळ गेला. सेन्सर स्वतःही चोवीस तास वीज खातो. एक वॅट धरला तरी वर्षाला पावणेनऊ युनिट. नऊ वॅटचा एकच दिवा असलेल्या छोट्या शौचालयात तो वाचवलेल्यातला मोठा वाटा स्वतःच गिळतो. उलट बाजूने, एसी खोलीतला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन राहतो आणि ती बाहेर काढायला एसीला साधारण एक-तृतीयांश वीज आणखी लागते. दिवा विझला की तीही वाचते. आणि रात्री राहून गेलेला दिवा या हिशेबात धरलेलाच नाही. वरची मीटिंग रूम एक रात्रभर, चौदा तास, उजळून राहिली तर सहा युनिट जातात.

विक्रेते साठ-सत्तर टक्के बचत सांगतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या ८८ अभ्यासांतले आकडे एकत्र तपासून २०१२ मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यात ऑक्युपन्सी सेन्सरची सरासरी बचत दिव्यांच्या विजेच्या २४ टक्के निघाली. मला हा आकडा विश्वासाचा वाटतो. ही सरासरी आहे. कोणती खोली यावर सारे अवलंबून. त्याआधी अमेरिकेतच १५८ खोल्यांत दिवे आणि माणसे यांची नोंद ठेवून एक अभ्यास झाला होता. त्यात स्वच्छतागृहे, वर्ग आणि मीटिंग रूम यांत बचतीला सर्वाधिक वाव दिसला, आणि जिथे दिवसभर कोणी ना कोणी असतेच त्या चहापानाच्या खोल्यांत सर्वात कमी. आधी आठवडाभर खोलीच पाहावी, मग सेन्सर घ्यावा, हा या पुस्तकाचा क्रम त्यावरूनच ठरला.

आपल्याकडे कायद्याचा आधारही आहे. २००१च्या ऊर्जासंवर्धन कायद्याखाली ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी स्थापन झाली आणि २००७च्या मे महिन्यात तिची इमारतींसाठीची संहिता, ईसीबीसी, आली. ५०० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींत दिवे आपोआप बंद करण्याची सोय असावी; ३० चौरस मीटरपेक्षा लहान बंदिस्त ऑफिसे, मीटिंग रूम, वर्ग आणि स्टोअर यांत ऑक्युपन्सी सेन्सर असावेत, असे तिने सांगितले. माणूस गेल्यावर विझण्याची मुदत तेव्हा ३० मिनिटे होती. २०१७च्या आवृत्तीने ती १५ मिनिटांवर आणली. सेन्सर असला तरी माणसाला हाताने दिवा बंद करता येईल असे भिंतीवरचे बटण ठेवायलाही संहितेने सांगितले. २०२४ मध्ये संहितेने नवे, शाश्वत इमारतींपर्यंत विस्तारलेले रूप घेतले. संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी आहे. गल्लीतल्या दोन मजली ऑफिसला ती लागू नाही. महाराष्ट्रात या कामाची जबाबदारी महाऊर्जा या सरकारी संस्थेकडे आहे. संहितेतले भिंतीवरचे बटण मला तिच्यातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते, आणि इथेच मला जे खरे सांगायचे आहे ते येते.

दिवा माणसाने लावावा आणि सेन्सरने मालवावा.

बहुतेक ठिकाणी दोन्ही कामे सेन्सरला दिलेली असतात. केबिनमध्ये कोणी फाइल ठेवायला डोकावला तरी बाराच्या उन्हात सगळे दिवे लागतात. खिडकीतून भरपूर उजेड येत असतो. माणसाने स्वतः बटण दाबायचे असते तर दाबलेच नसते. हंट यांनी नोंदवले ते आठवा: खोलीत शिरताना माणूस उजेड पाहतो, आणि तेवढा एक निर्णय तो चांगला घेतो. तो त्याच्याकडून काढून घेऊ नये. तो चुकतो ते निघताना. तेवढेच काम यंत्राला द्यावे. अशा मांडणीला ‘व्हेकन्सी सेन्सर’ म्हणतात. बहुतेक चांगल्या सेन्सरांत एक बारीक स्विच सरकवून ती करता येते, वेगळा पैसा लागत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका इमारतीत १९९०च्या दशकात असे दिसले की ज्यांच्या केबिनमध्ये सेन्सर होता ती माणसे निघताना दिवा हाताने बंद करण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्यावर आले होते. यंत्र आहे म्हटल्यावर सवय सुटते. लावण्याचे बटण माणसाच्या हाती राहिले, तर हा दिवा मी लावला एवढी आठवण तरी उरते.

याला अपवाद आहेत, आणि ते ठाम आहेत. स्वच्छतागृह, जिना, पॅसेज, पार्किंग, हातात सामान घेऊन शिरायचे स्टोअर इथे दिवा आपोआप लागलाच पाहिजे. जिन्यात आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये तो पूर्ण विझूही नये; कोणी नसताना तिसऱ्या हिश्श्यावर यावा आणि चाहूल लागताच भरावा. रात्रपाळी संपवून बेसमेंटमध्ये उतरणाऱ्या मुलीला आधी अंधारात चार पावले टाकायला लावून मग उजेड देणारी व्यवस्था किती युनिट वाचवते हे मला ऐकायचे नाही. हॉस्पिटलच्या कामाच्या जागा, यंत्रे चालणारी वर्कशॉप, विजेच्या पॅनलची खोली इथे सेन्सर लावूच नये. पॅनल उघडून हात आत घातलेला माणूस स्तब्ध उभा असतो.

भिंतीवरचे बटण का हवे, याची एक नोंद अमेरिकेत आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिनेचॉग रीजनल हायस्कूलचे दिवे संगणकाच्या ताब्यात होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ती प्रणाली कोसळली आणि सुरक्षिततेसाठी ठरवून दिल्याप्रमाणे सारे दिवे ‘चालू’ स्थितीत अडकले. सुमारे ७,००० दिवे. हाताने बंद करण्याची सोय नव्हती, मूळ कंपनीचे हात बदललेले होते, सुटे भाग येईनात. दीड वर्षाच्या आसपास ती शाळा रात्रंदिवस उजळलेली होती. वीज वाचवण्यासाठीच ती यंत्रणा बसवली होती. आपल्याकडे आता फोनवरून चालणारी, इंटरनेटला जोडलेली दिव्यांची प्रणाली विकायला येते तेव्हा मी ग्राहकाला एकच विचारतो: सर्व्हर बंद पडला तर दिवा कोण मालवणार?

जोडलेल्या सेन्सरांचा दुसराही प्रश्न आहे. ॲमस्टरडॅममधल्या ‘द एज’ या इमारतीत सुमारे २८,००० सेन्सर असल्याचे सांगतात. कोणता कोपरा किती वेळ वापरात असतो हे त्यांतून कळते आणि रिकाम्या भागातले दिवे, एसी, सफाई आटोपशीर करता येते. पण दिव्यासाठी घेतलेली चाहूल हजेरीसाठी वापरायची का? लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने जानेवारी २०१६ मध्ये पत्रकारांच्या टेबलांखाली असे सेन्सर बसवले. जागेच्या वापराचा अभ्यास, असे कारण दिले होते. कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि ते लगेच काढावे लागले. माझे मत स्पष्ट आहे. कोण किती वेळ जागेवर होता हे दिव्याच्या सेन्सरने कोणाला सांगू नये. ज्या यंत्रावर माणसांचा विश्वास नाही ते फार दिवस जोडलेले राहत नाही. कोणीतरी ते डायरेक्ट करतोच.

हे पुस्तक मराठीत लिहिण्याचे कारणही ‘डायरेक्ट’ या शब्दातच आहे. सेन्सरची माहितीपत्रके इंग्रजीत येतात, नकाशे इंग्रजीत असतात, आणि शिडीवर चढून स्क्रू फिरवणारा माणूस मराठीत विचार करत असतो. ‘टाइम डिले’, ‘सेन्सिटिव्हिटी’, ‘लक्स’ असे तीन खुंटे त्याच्यासमोर असतात आणि ते कुठवर फिरवायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. लक्स म्हणजे किती उजेड असताना दिवा लागूच नये ती मर्यादा. तो खुंटा मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच होता. पुढच्या प्रकरणांत खोलीगणिक मांडणी दिली आहे: बँकेची शाखा, दवाखाना, कॉलेजचे वाचनालय, दुकान, गोदाम, सहकारी संस्थेचे सभागृह. वाचनालयाच्या प्रकरणाला सर्वात जास्त पाने दिली आहेत, कारण तिथली माणसे सर्वात स्तब्ध असतात आणि त्यांची तंद्री मोडणे मला सर्वात अनुचित वाटते. इमारतीच्या मालकांनी निदान हिशेबाचे प्रकरण वाचावे. आर्किटेक्टनी फर्निचरचा नकाशा हाती आल्याशिवाय छतावर सेन्सरची खूण करू नये. सफाईच्या मावशींना आणि वॉचमनना सेन्सर कसा चालतो हे कोणीतरी समोर बसून समजावून सांगावे. इमारतीतले दिवे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहत नाही.

आणि शिडीवरच्या माझ्या मित्रांना एक विनंती. काम झाले की लगेच पुढच्या खोलीत जाऊ नका. त्या खोलीतल्या सर्वात आडोशाच्या खुर्चीवर बसा, हातात वर्तमानपत्र घ्या आणि ठरवलेली मुदत संपेपर्यंत वाचत राहा. दिवा गेला, तर शिडी अजून जवळच आहे. सेन्सरची जागा बदला.